बेत न आखलेला प्रवास

प्रवासाचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतील. एकात मनुष्य कोठे जावयाचे हे ठरवून घराबाहेर पडतो. दुसऱ्यात तो आधी घराबाहेर पडतो आणि कोठे जावयाचे हे मागाहून ठरवितो. यात्रेकरू, व्यापारी, शिपाई, विद्यार्थी हे सर्व पहिल्या प्रकारात येतात, आणि जगातील बहुतेक प्रवास त्याच प्रकारचा असतो. दुसरा प्रकार सर्वांस साधत नाही. ज्याच्या खिशात दोन-तीन महिन्यांची बेगमी आहे आणि ठराविक दिवशी परत येण्याची ज्याच्यावर सक्ती नाही, त्यालाच तो साधतो. इंग्रजी वाङ्मयात मात्र या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाची एक स्वतंत्र शाखाच वाढीस लागली असून, इंग्लंडचा समुद्रकिनारा हे तिचे आवडते क्षेत्र होय.

असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. इंग्लंडात समुद्रापासून सुमारे सत्तर मैलांहून अधिक दूर असे एकही स्थळ नाही. त्यामुळे कोणताही रस्ता धरला तरी तो अखेर पाण्याशी जाऊन थांबतो. आणि एकदा पाण्याशी पोहोचले, म्हणजे समुद्र डाव्या किंवा उजव्या हातास ठेवून पुढे चालू लागावे. वाट विचारावी लागत नाही, आणि चुकण्याचेही भय नाही. बेत न आखता निघालेल्या माणसास किनारा हाच आयता बेत मिळतो. या सोयीचा फायदा घेऊन गेल्या शंभर वर्षांत जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांपैकी पाचांचा विचार आम्ही येथे करणार आहो. ते वाचताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहिला, आणि तो केवळ इंग्लंडापुरता नाही. जो मनुष्य संध्याकाळी गावात येतो व सकाळी निघून जातो, त्याला त्या गावाविषयी निकाल देण्याचा अधिकार कितपत आहे?

ज्या गावांविषयी हे निकाल दिले गेले आहेत, त्यांची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अठराव्या शतकापर्यंत समुद्रकिनारा हा कोळ्यांचा, खलाशांचा व चोरटा माल उतरविणारांचा होता; सुखवस्तू मनुष्य तिकडे पाठ करूनच घर बांधी. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल याने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर एक लॅटिन प्रबंध लिहिला, आणि श्रीमंत रोगी ब्रायटनकडे लोटू लागले. १८४१ साली लंडनपासून ब्रायटनपर्यंत आगगाडी आली. १८७१ च्या कायद्याने बँकांना व त्यांच्या मागोमाग इतरांना ठराविक सुट्ट्या मिळू लागल्या. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचे तत्त्व मान्य झाले. लँकेशायरातील गिरण्यांची गावेच्या गावे वर्षातून एक आठवडा बंद राहत, आणि तेथील कामकरी कुटुंबे सामानसुमान घेऊन ब्लॅकपूलला जात. ही सुट्टी उत्स्फूर्त मुळीच नव्हती. तीच तारीख, बहुधा तेच घर, पुष्कळदा तीच खोली. वर्षभर पै पै साठवून मिळविलेला तो आठवडा असे. पुढे १९६० नंतरच्या काळात स्वस्त विमानप्रवासाने हेच लोक स्पेनच्या उन्हात जाऊ लागले, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत रिकाम्या खोल्या, गंजलेले धक्के आणि म्हातारी माणसे तेवढी उरली.

हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. लेखणी घेऊन हिंडणारा प्रवासी ज्या घरात एक रात्र काढतो, ते घर कोणा विधवेचे किंवा वृद्ध दांपत्याचे सर्वस्व असते. तेथील पडदे, तेथील न्याहारी आणि तेथील भिंतीवरील सूचना यांची थट्टा करणे फार सोपे असते. आणि ज्यांची थट्टा होते त्यांच्यापाशी ग्रंथ नसतो.

कालक्रमाने पहिला मान एच. व्ही. मॉर्टन याच्या 'इन सर्च ऑफ इंग्लंड' या १९२७ सालच्या ग्रंथास द्यावा लागेल. मॉर्टन हा वृत्तपत्रकार. पॅलेस्टाइनमध्ये असता तो आजारी पडला. आपण आता वाचत नाही असे त्याने घेतले, आणि त्या परक्या भूमीत त्याला मायदेशातील एका खेड्याची संध्याकाळ आठवली. बरे झाल्यास आपला देश डोळे भरून पाहीन, असा त्याने निश्चय केला. पुढे एक लहानशी मोटार घेऊन तो निघाला आणि कोणताही आराखडा न करता, मनास येईल तसा, देशभर हिंडला. आपले पुस्तक मार्गदर्शिका नव्हे, लहरीप्रमाणे केलेल्या भटकंतीची ती हकिकत आहे, हे तो आरंभीच बजावतो. कॉर्नवॉलमध्ये रोझलंड हे नाव त्याच्या कानास गोड लागले. तेवढ्या कारणावरून त्याने मोटार त्या बाजूस वळविली. बेत न आखलेल्या प्रवासाचे याहून निर्मळ उदाहरण सापडणे कठीण आहे.

मॉर्टनची भाषा प्रसन्न आहे, आणि भेटलेल्या माणसाशी दोन शब्दांत जवळीक साधण्याची हातोटीही त्याला चांगली अवगत आहे. त्याच्या ग्रंथाच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या यात नवल नाही. परंतु लहरीप्रमाणे हिंडणाऱ्या माणसाची लहरही कोठून तरी येत असते, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्याची मोटार जुनी देवळे, पडके किल्ले, गवताने छावलेली घरे यांच्याकडे आपण होऊन वळते, आणि धुराड्यांच्या गावांना लांबूनच नमस्कार करते. १९२६ साली इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला, खाणीतील कामगार तर त्यानंतरही महिनोन्महिने कामावाचून होते. या ग्रंथात त्याची झळ वाचकास फारशी लागत नाही. ग्रंथाच्या अखेरीस एका खेड्यातील देवळापाशी मूठभर माती हातात घेऊन तो धन्य होतो. ते वाचताना आमच्या मनात येते की, आजारपणात जे इंग्लंड त्याने डोळ्यांपुढे आणले होते, तेच शोधण्यास तो निघाला आणि तेवढेच त्याला सापडले. मोकळेपणाने हिंडून जर मनुष्यास पूर्वी कल्पिलेलेच दिसावयाचे असेल, तर तो मोकळेपणा आम्ही नावापुरताच समजतो.

मॉर्टनला उत्तर द्यावे म्हणूनच की काय, सात वर्षांनी जे. बी. प्रीस्टले याचा 'इंग्लिश जर्नी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३३ च्या शरदऋतूत प्रीस्टले बसने साउदॅम्प्टन बंदरी गेला व तेथून त्याने देशाची प्रदक्षिणा आरंभिली. त्याचा मार्ग केवळ किनाऱ्याचा नव्हे. परंतु त्याच्या ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग पुष्कळसा समुद्राजवळच येतो. ब्लॅकपूल त्याने हंगाम संपल्यावर पाहिले, म्हणजे जेव्हा तेथे कोणी आपण होऊन जाणार नाही अशा वेळी. टाइन नदीच्या मुखाकडील जॅरो गावी तो गेला, तेव्हा जहाजे बांधण्याचे काम थांबलेले होते आणि धडधाकट पुरुष रस्त्याच्या कोपऱ्यावर नुसते उभे होते. तीन वर्षांनी, १९३६ साली, याच गावचे सुमारे दोनशे बेकार लंडनपर्यंत पायी चालत गेले, हे इतिहासप्रसिद्ध आहे. प्रीस्टलेने ते दृश्य आधी पाहिले होते, आणि पाहिल्यावर त्याला लाज वाटली; स्वतःच्या देशाची आणि काही अंशी स्वतःची.

प्रीस्टलेचा एक गुण आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. टाइनकाठच्या गावांविषयी त्याने फार कडक शब्द लिहिले आहेत. परंतु त्याच वेळी आपणांस पडसे झाले होते, डोके जड होते, आणि त्याचा परिणाम आपल्या मतावर झाला असेल, हेही तो वाचकास सांगून टाकतो. साक्षीदाराने आपल्या डोळ्यांची स्थिती आधी सांगावी, म्हणजे त्याच्या साक्षीची किंमत करणे सोपे जाते. पुष्कळ प्रवासी पावसाळी दिवसाचा व कोरड्या पावाचा सूड सबंध गावावर उगवितात आणि त्यास निरीक्षण हे नाव देतात. प्रीस्टले निदान पावसास पाऊस म्हणतो.

यानंतर आपण जवळजवळ पन्नास वर्षांची उडी घेऊन १९८२ सालाकडे येऊ. त्या वर्षी एक चमत्कारिक योगायोग घडून आला. पॉल थेरू हा अमेरिकन कादंबरीकार अकरा वर्षे लंडनमध्ये राहून त्या देशाविषयी आपणांस काही कळत नाही असे वाटून किनाऱ्याने निघाला. आणि त्याच वर्षी जोनाथन राबान हा इंग्रज लेखक आपले दोन डोलकाठ्यांचे जुने शिडाचे गलबत घेऊन त्याच किनाऱ्याभोवती फिरावयास निघाला. पहिल्याचा ग्रंथ 'द किंग्डम बाय द सी' १९८३ साली निघाला, दुसऱ्याचा 'कोस्टिंग' १९८६ साली. दोघांच्याही कानांवर वाटेत एकच वार्ता पडत होती: दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांसाठी एप्रिलपासून जूनपर्यंत चाललेल्या युद्धाची. एकच किनारा, एकच उन्हाळा, एकच युद्ध. आणि तरीही दोन ग्रंथ एकमेकांस ओळखणार नाहीत इतके भिन्न. समालोचकास अशी तुलना आयती क्वचितच मिळते.

थेरूने प्रवासास निघताना बेत आखला नाही, परंतु काही नियम केले. किल्ले पाहावयाचे नाहीत, मोठी प्रार्थनामंदिरे पाहावयाची नाहीत. किनाऱ्यालगतच्या आडगाड्यांनी जावयाचे, गाडी नसेल तेथे चालावयाचे, आणि मिळेल त्या घरी खोली घेऊन राहावयाचे. मार्गेटपासून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने त्याने सबंध बेटाला वळसा घातला. नियम उत्तम आहेत. त्यांमुळे मॉर्टनच्या ग्रंथातील सजविलेले चित्र येथे सापडत नाही. त्याऐवजी पाठमोऱ्या वस्तीचे, पत्र्याच्या झोपड्यांचे, शेवटच्या स्थानकावरील एकट्या उतारूचे चित्र सापडते. समुद्राकडे तोंड करून उभ्या केलेल्या मोटारींत बसून, काचा वर करून, बाटलीतील चहा पीत तासन्‌तास पाण्याकडे पाहणारी वृद्ध जोडपी थेरूने अशी टिपली आहेत की, ती वाचकाच्या मनातून जात नाहीत. त्याचा कान तर फारच तीक्ष्ण आहे. गाडीतील दोन परक्या बायकांचे संभाषण तो अक्षरशः उचलून आणतो.

परंतु थेरूपाशी सकाळची गाडी असते. गाव आवडले नाही, घरमालकीण तुसडी निघाली, की तो पुढच्या गाडीत बसतो, आणि गाडीत बसल्यावर निकाल लिहितो. गावामागून गाव येते व जाते. प्रत्येकास दोन पाने, आणि त्या दोन पानांत एक विनोद. पहिली शंभर पाने वाचकास हसविणारा हा ग्रंथ पुढे थोडा थकवितो तो यामुळेच. न्यायाधीश हुशार आहे, पण खटले फार झपाट्याने निकालात काढीत आहे, असे वाटू लागते.

आमच्या या आक्षेपास खुद्द थेरूच्या ग्रंथातच पुरावा आहे. बॉग्नर हे दक्षिण किनाऱ्यावरील गाव इंग्रजांच्या थट्टेचा जुना विषय आहे. थेरू तेथे आला, आणि काही कारणाने ठरविल्यापेक्षा अधिक दिवस राहिला. राहिल्यावर त्याला आपल्या घरमालकिणीविषयी आपुलकी वाटू लागली, गाव आवडू लागले, आणि त्याच्या लेखणीची धार एकदम सौम्य झाली. आता बॉग्नर हे शेजारच्या इतर गावांहून खरोखरच इतके निराळे आहे काय? तसे मानण्यास आम्हांस कारण दिसत नाही. निराळी होती ती थेरूने तेथे दिलेली वेळ. जी सहानुभूती बॉग्नरला तीन-चार दिवसांत मिळाली, ती इतर पन्नास गावांना मिळाली नाही, कारण त्यांच्या वाट्यास एकच रात्र आली.

राबानचा प्रवास प्रथमदर्शनी अधिक मोकळा वाटतो. ज्याच्यापाशी स्वतःचे गलबत आहे, त्याला वेळापत्रक कसले? परंतु ज्यांना समुद्राची थोडीबहुत माहिती आहे त्यांना ठाऊक आहे की, शिडाच्या गलबताइतके परतंत्र वाहन दुसरे नाही. वारा प्रतिकूल असला की थांबावे लागते. ओहोटीस पाणी ओसरणाऱ्या बंदरात भरतीखेरीज शिरता येत नाही आणि निघताही येत नाही. पोर्टलंडच्या टोकापाशी दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांवर आदळून पाणी उसळत असते. तेथून अनुकूल घटका साधूनच जावे लागते. रेडिओवरील हवामानाचा अंदाज ऐकून खलाशी आपला दिवस ठरवितो, किंवा खरे म्हणजे दिवसच त्याला ठरवितो. थेरू जेथे नको तेथून निघून जाऊ शकत होता. राबानला जेथे नको तेथेच पुष्कळदा आठ-आठ दिवस पडून राहणे भाग होते.

आणि आमच्या मते राबानच्या ग्रंथाचे श्रेष्ठत्व याच सक्तीच्या मुक्कामांत आहे. पडून राहिलेल्या माणसास आपण येथे कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. राबान हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणी एका गावच्या पाद्रीनिवासातून दुसऱ्या गावच्या पाद्रीनिवासात त्याला जावे लागले, आणि वसतिगृहाच्या शाळेत तो दुःखी होता. लिमिंग्टनच्या परिसरात त्याची उमेदीची वर्षे गेली. ज्या इंग्लंडावर तो टीका करतो, त्यातच आपण घडलो आहो, हे तो वाचकास विसरू देत नाही. हल येथे तो आपल्या विद्यार्थिदशेतील विश्वविद्यालयाचे ग्रंथपाल व प्रसिद्ध कवी फिलिप लार्किन यांना भेटतो, तेव्हा ती भेट कोणा प्रसिद्ध पुरुषास पाहण्याची राहत नाही; जुन्या घरी परत आल्यासारखी ती आहे. आइल ऑफ मॅन या बेटावरील लोकांचा आपल्याच कोशात राहण्याचा स्वभाव वर्णिताना तो हळूच सुचवितो की, सबंध ब्रिटन हेही एक मोठे बेटच आहे. युद्धाच्या जयघोषाने अस्वस्थ झालेला हा मनुष्य आपल्या लोकांवर रागावतो, पण ते आपले लोक आहेत हे जाणून रागावतो. आपल्या आधी एकटेपणाने गलबत घेऊन याच किनाऱ्याने गेलेल्या लोकांची त्याने जी हकिकत दिली आहे, तीही मोठी मौजेची आहे. त्यांतील मिडल्टन नावाचा गृहस्थ पृथ्वी सपाट आहे असे मानणारा होता.

राबानचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक खाडी, प्रत्येक धुके त्याला काहीतरी सुचविते. साध्या लाटेला लाट म्हणून राहू देण्याची उदारता त्याच्यापाशी थोडी कमी आहे. आपल्या एकलेपणावर तो अधूनमधून लुब्धही होतो. तथापि थेरूचा ग्रंथ मिटल्यावर आपणांस इंग्रज लोक कसे चमत्कारिक आहेत हे आठवते, आणि राबानचा मिटल्यावर इंग्रज असणे कसे अवघड आहे हे आठवते. यातले दुसरे ज्ञान अधिक मोलाचे आहे.

या दोघांची वाटेत ब्रायटनच्या बंदरात गाठ पडली, आणि दोघांनीही ती आपापल्या ग्रंथात वर्णिली आहे. दोघे मित्र, दोघे एकाच विषयावर लिहिण्यास निघालेले. त्यामुळे सौजन्याच्या आड थोडी सावधगिरी होतीच. या दोन वर्णनांचा सूर जुळत नाही. दोन कसलेले निरीक्षक एका गलबतावर समोरासमोर बसतात आणि त्या एका तासाची हकिकत दोन तऱ्हांनी सांगतात. मग ज्या घरमालकिणींची व कोळ्यांची बाजू लिहून ठेवणारा कोणी नव्हता, त्यांच्याविषयीच्या पानांवर वाचकाने किती विश्वास ठेवावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

ब्रायटनचा उल्लेख आलाच आहे, तर आम्हां भारतीयांस जवळची अशी एक गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६ या काळात, तेथील प्रसिद्ध राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी रुग्णालय उघडले होते. ब्रायटनमध्ये जे हिंदू व शीख शिपाई मरण पावले, त्यांच्यापैकी त्रेपन्न जणांचे दहन गावामागील टेकड्यांवर झाले, आणि त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री उभारण्यात आली. ती समुद्रावरील सडकेवरून दिसत नाही. पॅचम गावाकडून टेकडी चढून पायवाटेने जावे लागते. धक्क्यावरील गंमत पाहून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यास ब्रायटन म्हणजे करमणुकीचे गाव. जो दोन दिवस अधिक राहून माळावर चढेल, त्याला तेच गाव परक्या शिपायांची आठवण सांभाळणारे दिसेल. दोन्ही खरे आहे. पण पहिले सत्य कोणासही मिळते, दुसऱ्यासाठी थांबावे लागते.

शेवटी ज्या ग्रंथाचा उल्लेख करावयाचा, तो परक्याने परक्या भाषेत लिहिलेला आहे. डब्ल्यू. जी. झेबाल्ड हा जर्मन लेखक नॉरिच येथे अध्यापक होता. १९९२ च्या ऑगस्टमध्ये, हातचे एक मोठे काम संपल्यावर जी पोकळी वाटते ती घालविण्यासाठी, तो सफोक परगण्याच्या किनाऱ्याने पायी हिंडला. त्याची हकिकत १९९५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली, आणि 'द रिंग्ज ऑफ सॅटर्न' या नावाने १९९८ साली इंग्रजीत आली. लोस्टॉफ्ट येथील ओसाड उपाहारगृहात त्याच्यापुढे आलेला शिळा, गोठलेला मासा थेरूच्याही पानावर शोभला असता. परंतु झेबाल्ड त्या माशापाशी थांबत नाही. उत्तर समुद्रात एके काळी हेरिंग मासळीचे थवे कसे येत आणि त्यांचा संहार कसा झाला, याच्या इतिहासात तो वाचकास घेऊन जातो. डनिच येथे तो उभा राहतो, तेव्हा पायांखाली आहे त्यापेक्षा समुद्रात गेलेले गावच त्याला अधिक दिसते. मध्ययुगात हे मोठे बंदर होते. १२८६ च्या वादळापासून समुद्राने ते गिळण्यास आरंभ केला. तरीही १८३२ पर्यंत त्या उरल्यासुरल्या वस्तीतून पार्लमेंटात दोन प्रतिनिधी जात होते. तेथील जुन्या देवळांपैकी शेवटचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत एकेक भिंत करून कड्यावरून खाली कोसळले.

या ग्रंथाचा आरंभ आमच्या विषयास फार पोषक आहे. आपल्या भटकंतीत मिळालेल्या अपूर्व मोकळेपणाची आठवण झेबाल्ड सांगतो. आणि लगेच सांगतो की, बरोबर एक वर्षाने, जवळजवळ हालचाल करता येत नाही अशा अवस्थेत, आपणांस नॉरिचच्या रुग्णालयात नेण्यात आले, आणि तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या या पानांची मनात जुळणी सुरू झाली. मॉर्टनच्या ग्रंथाच्या मुळाशीही आजारपणच होते, हे वाचकांस आठवत असेल. परंतु मॉर्टन आधी आजारी पडला व मग हिंडला. म्हणून त्याला आपले स्वप्न दिसले. झेबाल्ड आधी हिंडला व मग खिळून पडला. म्हणून जे पाहिले होते त्याचा त्याला हिशेब करावा लागला. मोकळेपणाने पाहिलेले सर्व, हलता न येण्याच्या अवस्थेत पुन्हा एकदा पाहिल्यावरच, त्याच्या लेखणीतून उतरले.

यावर असा आक्षेप येईल की, दीर्घ मुक्कामाने दृष्टी बोथट होते. रोज तेच पाहणाऱ्या गावकऱ्यास जे दिसत नाही ते परक्यास पहिल्या क्षणी दिसते. या म्हणण्यात तथ्य आहे. मोटारीत बसून समुद्राकडे पाहणारी जोडपी त्या गावच्या लोकांनी हजारदा पाहिली असतील. ती चित्र म्हणून दिसली ती थेरूला. परंतु दिसणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. ती माणसे काच वर करून का बसली आहेत, तो वारा त्यांच्या सांध्यांस सोसत नाही की दुसरे काही कारण आहे, हे विचारण्यासाठी काचेवर टिचकी मारावी लागते व उत्तर येईपर्यंत उभे राहावे लागते. पहिल्या नजरेचा मान आम्ही कमी करीत नाही. ती शेवटची नजर मानली जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

मराठीत प्रवासवर्णनांचा सुकाळ आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आले, तेव्हापासून आपल्या किती कुटुंबांनी ते वाचून विलायतेची कल्पना केली असेल! आता तर त्या वाचकांची मुले-नातवंडे स्वतःच तिकडे राहतात, आणि त्यांस भेटावयास गेलेले आईबाप परत आल्यावर लिहितात. त्यांपैकी कोणी एखाद्या रविवारी मोटार काढून, काही न ठरविता, त्या किनाऱ्याकडे जाईलही. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, बेत आखू नये, अवश्य आखू नये. मात्र पाऊस लागला, गाडी चुकली किंवा मोटार बंद पडली, तर तो दिवस वाया गेला असे समजू नये. वर उल्लेखिलेल्या ग्रंथांत जे टिकाऊ आहे, ते पुष्कळसे अशाच अडलेल्या दिवसांनी दिलेले आहे. वाऱ्याने राबानला अडविले, आजाराने झेबाल्डला अडविले, आणि थेरूला तर बॉग्नरच्या एका साध्या घरातील माणुसकीने अडविले. बेत न आखणाऱ्या प्रवाशास कोठेही जाण्याची मुभा असते, ही गोष्ट खरी. पण त्या मुभेपेक्षा, कोठेतरी थांबण्यास हरकत नसणे ही त्याची खरी श्रीमंती होय. ती ज्याने वापरली नाही, त्याने सबंध किनारा पायांखाली घातला तरी त्याच्या हाती आपल्याच मताची प्रत तेवढी लागते.